जिन शुआन ऊलाँग: दुधाचा वास नेमका असतो कुठे?

रानजाई

इथे ऊलाँग (ग्रीन टी आणि काळ्या चहाच्या मधला चहा) पिणारे बरेच जण आहेत म्हणून विचारते आहे. प्रश्न थोडा लांबण लावून मांडते, समजून घ्या.

दोनेक महिन्यांपूर्वी ‘मिल्क ऊलाँग’ असं लिहिलेलं एक पाकीट घेतलं. पाकीट कापलं आणि खोलीभर वास सुटला. आटवलेलं दूध, जरा व्हॅनिला, जरा टॉफी. चहा ओतला तरी तोच वास, घोट घेतला तरी तोच. दुधाचा थेंब नाही, साखरेचा कण नाही आणि तरी हा वास! मला त्याचं इतकं अप्रूप वाटलं की पाकीट कधी संपलं कळलंच नाही.

मग कुठेतरी वाचलं की मिल्क ऊलाँग म्हणजेच तैवानचा जिन शुआन. मैत्रीण तैवानला निघाली होती, तिला मुद्दाम सांगून तिथल्या अलिशान डोंगरातला जिन शुआन मागवला. काल उघडला. दुधाचा मागमूस नाही. ताजं कापलेलं गवत आणि कुठलंसं पांढरं फूल, असा वास. किटलीत दोन मोठे चमचे टाकले, खळखळ उकळतं पाणी ओतलं, झाकून सहा मिनिटांनी गाळला. चव म्हणाल तर पालेभाजी उकडलेल्या पाण्यासारखी, आणि घशाशी तुरट.

मैत्रिणीला भलताच चहा दिला गेला, की माझंच काही चुकलं? आणि तो पहिला वास परत कसा मिळेल?

वाफाळता

रानजाई, मैत्रिणीला काही बोलू नका. तिने आणलाय तोच खरा. पहिल्या पाकिटातला वास पानांचा नव्हता, पानांना वरून दिलेला होता.

जिन शुआन हे चहाच्या झुडपाच्या एका वाणाचं नाव आहे. ह्या वाणाच्या पानांत मुळातच एक मऊ, सायीसारखी झाक असते. चिनीत तिला ‘नाई शियांग’ म्हणतात, दुधाचा सुवास. हा वाण प्रसिद्ध झाला तो ह्या गुणामुळेच. पण ही झाक फार हलकी असते. दूध तापवून गॅस बंद केला, पातेलं जरा निवलं आणि मग झाकण उचललं तर जो वास येतो ना, तसा. टॉफीसारखा अंगावर धावून येणारा वास कुठल्याही झुडपाच्या पानांत नसतो. ‘मिल्क ऊलाँग’ हे नाव लोकप्रिय झालं तशी त्या नावाने सुगंध लावलेला चहा बाजारात आला, आणि त्यातला बराचसा तर जिन शुआनही नसतो. कुठल्याही साध्या ऊलाँगवर दुधाचा कृत्रिम सुगंध चढवला की झालं.

ओळखायचं कसं? कोरडं पानच खोलीभर घमघमत असेल तर शंका घ्या. तेच पान पुन्हा पुन्हा नव्या पाण्यात भिजवायचं असतं; पहिल्या पाण्यात वास सगळ्यात दाट, दुसऱ्यात निम्मा आणि तिसऱ्या-चौथ्यात नुसता फिका चहा उरला, तर तो वास पानाच्या अंगावर होता आणि धुऊन गेला. खऱ्या जिन शुआनचं उलट असतं. पहिलं पाणी बिचकत येतं, दुसरं-तिसरं बोलायला लागतं, कारण घट्ट वळलेल्या गोळ्या तोवर उघडत असतात.

आता तुमच्या कालच्या चहाबद्दल. दोन मोठे चमचे म्हणजे वजन किती, पाणी किती? हे कळल्याशिवाय काही सांगण्यात अर्थ नाही. आणि भिजलेली पानं टाकली नसतील तर एक पान ताटलीत उलगडून बघा. देठ, दोन-तीन पानं, कोंब असं सगळं एकत्र आहे का?

मधुरा_२७

मला सुगंध लावलेलाच आवडतो आणि मी तो राजरोस पिते. चमेलीचा चहासुद्धा फुलांचा वास देऊनच होतो, त्याला कोणी खोटा म्हणत नाही. माझा आक्षेप फक्त लेबलबद्दल आहे. सुगंध लावला असेल तर तसं ठळक लिहावं. रानजाई, तुला तो आवडला होता तर आवडला होता, त्यात कमीपणा वाटून घेऊ नकोस.

वाफाळता

मधुराताई, लेबलबद्दल शंभर टक्के सहमत. चमेलीशी एवढाच फरक करेन की तिथे खरी फुलं रात्रभर पानांत मिसळून ठेवतात आणि सकाळी वेगळी काढतात. इथे दूध कुठेच नसतं. पण ज्याला जो आवडतो त्याने तो प्यावा, ह्यात वाद नाही.

शांतनू

मी ऐकलं होतं की चहाच्या झाडांना दुधाचं पाणी घालतात, किंवा पानं दुधाच्या वाफेवर धरतात. यात तथ्य आहे का?

अणुरेणू

शांतनू, नाही. विक्रेत्यांनी पसरवलेल्या गोष्टी आहेत. दुधाच्या वाफेतून पानावर वास टिकेल असं काही येत नाही, आणि मुळाला दूध घातलं तर त्याचा वास पानात चढत नाही, जमिनीत दूध नासेल इतकंच.

मी खाद्यपदार्थांच्या सुगंधांवर काम करते, म्हणून थोडं त्या अंगाने लिहिते.

दूध, लोणी, नारळ, पीच ह्या सगळ्यांच्या वासात लॅक्टोन नावाच्या संयुगांचं कुटुंब असतं. डेल्टा-डेकालॅक्टोन लोण्याकडे झुकणारा, गॅमा-डेकालॅक्टोन पीचकडे, गॅमा-नोनालॅक्टोन नारळाकडे. ऊलाँगमध्ये जास्मीन लॅक्टोन सापडतो, तो फुलासारखाही वाटतो आणि सायीसारखाही. गंमत अशी की तो खुडलेल्या पानात फारसा नसतो. ऊलाँग करताना पानं टोपल्यांत पुन्हा पुन्हा हलवतात, कडा एकमेकींवर घासतात, पानाला हळूहळू इजा होत राहते. खुडलेलं पान तोवर जिवंत असतं. त्या सततच्या इजेला ते जो प्रतिसाद देतं त्यात हा जास्मीन लॅक्टोन वाढत जातो. म्हणजे दुधाळपणाची शक्यता वाणात असते, पण ती बाहेर काढतो तो रात्रभर पानं हलवणारा माणूस.

रानजाईच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. गरम कपातून वाफेबरोबर आधी उडतात ती हलकी संयुगं, गवताच्या, हिरव्या वासाची. लॅक्टोन त्यामानाने जड, सावकाश उडणारे. कप गरम असताना हिरवा वास पुढे उभा राहतो आणि दुधाळ वास त्याच्यामागे झाकला जातो. कप रिकामा करा, मिनिटभर थांबा आणि मग आत नाक घाला. हलकं सगळं उडून गेलेलं असतं आणि भांड्याच्या भिंतीला चिकटलेल्या पातळ थरात जड वास उरलेला असतो.

दुसरं म्हणजे घोट गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. घशाकडून नाकात जाणारा वास आणि कपातून हुंगलेला वास ह्यात पुष्कळ फरक असतो. दुधाळपणा मला तरी ह्या मागच्या दाराने जास्त भेटतो.

निळासावळा

अणुरेणू, फार सुरेख समजावलंत. वाचनखूण साठवली.

चकोर

अलिशानचं नाव निघालं म्हणून लिहितो. च्यायी जिल्ह्यातल्या ह्या डोंगरात दोन दिवस एका चहावाल्या कुटुंबाकडे राहिलो होतो. मळे साधारण १००० ते १६०० मीटरवर. १००० मीटरच्या वर पिकला की तैवानात त्याला ‘गाओशान’, म्हणजे उंच डोंगरावरचा चहा म्हणतात. दुपारनंतर धुकं चढतं आणि समोरची ओळसुद्धा दिसेनाशी होते.

अणुरेणूंनी लिहिलेलं ते रात्रीचं हलवणं मी पाहिलं आहे. दुपारी पानं उन्हात पसरून मलूल केलेली होती. मग आत, बांबूच्या गोल सुपांवर पातळ थर. दर काही वेळाने घरातले आजोबा येत, दोन्ही पंजे पानांखाली घालून ती वर उचलत आणि सोडत. सुरुवातीला इतकं अलगद की आवाजसुद्धा होत नव्हता. प्रत्येक फेरीगणिक जोर वाढत गेला. दहाच्या सुमारास खोलीत कच्च्या पाल्याचा उग्र वास भरला होता. मध्यरात्र उलटल्यावर मला उठवलं आणि एक मूठ पानं नाकाशी धरली. पाल्याचा वास निवळला होता, फुलांचा वर आला होता आणि त्याच्या तळाशी काहीतरी मऊ, उबदार. पानाच्या कडा तांबूस, मधलं अंग हिरवं. आजोबांनी मान हलवली आणि भट्टी पेटवायला सांगितली. तापलेल्या ड्रममध्ये पान पडलं की ऑक्सिडेशन (हवेने पान तांबूस होत जाणं) थांबतं, त्यामुळे ड्रममध्ये कधी टाकायचं हाच सगळा निर्णय. घड्याळाकडे कोणी बघितलं नाही. दर वेळी मूठ उचलून वास.

दुसऱ्या दिवशी पानं जाड कापडात बांधून, चेंडू करून मळणं, सोडवणं, पुन्हा बांधणं. कितीदा ते मोजायचं मी सोडून दिलं. त्यातून त्या घट्ट गोळ्या तयार होतात.

एक बारीकशी गोष्ट. तिथे ते उकळतं पाणीच सरळ ओततात. मी विचारलं, पान भाजत नाही का? नंतर लक्षात आलं की १५०० मीटरवर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. किती बारकाईने लिहिताय!

वाफाळतादादा, वजन केलं. माझे दोन मोठे चमचे म्हणजे १४ ग्रॅम भरले! किटली ४०० मिलिलिटरची. पानं कचऱ्यातून काढून उलगडली. एका देठाला तीन पानं आणि कोंब, सगळं अखंड. पान चांगलं रुंद आहे, जाडसर, कडेला दाते. बघायला फार सुंदर वाटलं. एवढीशी गोळी आणि तिच्यातून एवढी मोठी डहाळी.

वाफाळता

पान रुंद, लंबगोल आणि जाड, म्हणजे जिन शुआनच्या वर्णनात बसतंय. अलिशानला दुसरा मोठा वाण छिंगशिन, त्याचं पान निमुळतं असतं.

आणि १४ ग्रॅम सहा मिनिटं! चहा कडू झाला नाही, फक्त तुरट झाला, ह्यावरून पान किती चांगलं आहे ते समजा. गोळ्यांच्या बाबतीत चमचा दगा देतो. सुट्या पानाचा चमचाभर म्हणजे दीड-दोन ग्रॅम, आणि तेवढ्याच चमच्यात ह्या गोळ्या कितीतरी जास्त मावतात. साधा वजनकाटा घ्या, चहासाठी दुसरं काही विकत घेतलं नाही तरी चालेल.

आता मी कसा करतो ते सांगतो. १०० ते १२० मिलिलिटरचं झाकणाचं भांडं, गायवान म्हणतात ते. नसेल तर झाकण असलेला लहान पेला. ५ ते ६ ग्रॅम पान. कोरड्या गोळ्यांनी तळ जेमतेम झाकला जातो आणि दर वेळी मला वाटतं की कमी पडणार. पडत नाही. चौथ्या पाण्याला पान झाकणाला टेकतं.

भांडं आधी गरम पाण्याने विसळून घ्या. त्या तापलेल्या भांड्यात कोरडं पान टाका, झाकण ठेवा, दोनदा हलकेच हलवा आणि झाकण किंचित सरकवून वास घ्या. पाणी घालायच्या आधीचा हा वास कोणीही चुकवू नये. कोरडं पान पाकिटात गप्प असतं, उबेने ते तोंड उघडतं. अलिशानच्या जिन शुआनमध्ये दुधाची पहिली चाहूल मला बहुतेक वेळा इथे लागते.

पाणी ९० ते ९५ अंश. उकळलं की झाकण काढून मिनिटभर थांबलं तरी पुरतं. पहिलं पाणी ४५ सेकंद, कारण गोळी बंद असते. दुसरं ३०. तिसरं ३५-४०, पुढे दर वेळी दहा-पंधरा सेकंद वाढवत जा. पाच-सहा पाणी आरामात निघतात. गाळताना शेवटचा थेंबही पानांत ठेवू नका, पुढच्या पाण्याची तुरटी तिथेच साठते. चहा थेट कपात न ओतता एका लहान सुरईत काढून मग कपांत वाटा. म्हणजे सगळ्यांना सारखा मिळतो, आणि अणुरेणू म्हणाल्या तसा रिकाम्या सुरईचा वास घेता येतो.

शेवटचं, घाई नको. वाफाळतं पिण्यात मजा आहे (माझं नावच ते आहे), पण जिन शुआन कोमट व्हायची वाट बघा. साठ अंशांना न कळलेलं पंचेचाळीसला कळतं.

निळासावळा

दोन गोष्टींवर माझं मत वेगळं आहे. वाफाळते, तुम्ही ९० म्हणता, मी उकळतंच ओततो आणि वेळ कमी करतो. घट्ट वळलेली गोळी ९० अंशांना नीट उघडत नाही, पहिली दोन पाणी पाणचट जातात. चांगल्या, निबर पानाला उकळत्या पाण्याची भीती नसते. कोवळ्या कोंबांच्या ग्रीन टीला असते.

दुसरं, पाण्याबद्दल कुणी बोललंच नाही. मी वर्षभर भांडी बदलत बसलो आणि दोष निघाला पाण्यात. क्षार जास्त असलेल्या पाण्यात वास दबतो, रंग गढूळ येतो, वर तवंग धरतो. उलट सगळे क्षार काढून टाकलेल्या पाण्यातही चहा पोकळ लागतो, जिभेवर काही ठरतच नाही. मी आता दोन्ही प्रकारचं पाणी निम्मं-निम्मं मिसळतो. जिन शुआनची जी गुळगुळीत, साय फिरल्यासारखी जाणीव जिभेवर होते ती मला त्या दिवसापासून मिळायला लागली.

वाफाळता

पाण्याचं अगदी बरोबर, मी विसरलोच होतो. तापमानाबद्दल माझं म्हणणं असं की रानजाईंना आधी तुरटपणा घालवायचा आहे. कॅफीन आणि तुरट कॅटेचिनं जास्त तापमानाला झपाट्याने उतरतात. हात बसला की मग उकळतं वापरून बघावं. पण पान मैदानी भागातलं, यंत्राने कापलेलं असेल, तर मी ९० च्या वर जाणार नाही.

शांतनू

पहिलं पाणी धुऊन टाकून द्यायचं असतं ना? सगळीकडे तसंच सांगतात.

वाफाळता

मी टाकत नाही. नुसतं ओलं करून गोळी सैल करायची असेल तर पाच सेकंद पाणी घालून काढा, हरकत नाही. स्वच्छ, ताज्या ऊलाँगला त्याची गरज नसते. सुगंध लावलेल्या चहाचं पहिलं पाणी टाकलंत तर ज्यासाठी तो घेतला तेच ओतून द्याल.

बकुळ

छान चाललाय धागा. मी कामाच्या ठिकाणी पिते, तिथे सुरई-बिरई शक्य नाही, म्हणून माझी पद्धत. मोठा मग, ३ ग्रॅम पान, २५० मिलिलिटर पाणी, तीन मिनिटं. जाळीची मोठी गाळणी, पानांना हातपाय पसरायला जागा हवी. चिमटीएवढ्या बंद गाळणीच्या गोळ्यात हा चहा गुदमरतो. तीन वेळा तेच पान वापरते.

पण रानजाई, तुला दूधच शोधायचं असेल तर माझं ऐक आणि गार पाण्यात करून बघ. लिटरभर साध्या पाण्यात १० ग्रॅम, रात्री फ्रिजमध्ये, सकाळी गाळायचा. सात-आठ तास. गार पाण्यात तुरट भाग फारच कमी उतरतो, गोडवा देणारी अमिनो आम्लं मात्र उतरतात. जो चहा येतो तो इतका गुळगुळीत असतो की माझी लेक त्याला ‘लोण्याचं पाणी’ म्हणते. आत्तापर्यंत ज्यांना ज्यांना दिला त्यांना दूध ह्याच्यात पटकन सापडलं, गरम चहात नाही.

मधुरा_२७

बकुळताई +१. सुगंधवाला गार पाण्यात करू नका पण. मी केला होता, औषधाच्या सिरपसारखा लागला.

अणुरेणू

ज्यांना दुधाची अ‍ॅलर्जी आहे त्यांच्यासाठी एक ओळ. निव्वळ जिन शुआनमध्ये दुधाचा अंशही नसतो. सुगंध लावलेल्या चहात कधीकधी दुधापासूनचे घटक असू शकतात, तेव्हा घटकांची यादी वाचल्याशिवाय पिऊ नका.

चकोर

वाणाच्या जन्माची कहाणी कुणी सांगितली नाही अजून, म्हणून मीच लिहितो. मला ती फार आवडते.

तैवानच्या ताओयुआनमधल्या यांगमेई इथे चहा संशोधन केंद्र आहे, १९०३ सालापासूनचं. तिथे वू चन-त्वो नावाच्या संशोधकांच्या हाताखाली संकरित वाणांवर वर्षानुवर्षं काम चाललं होतं. मादी वाण तैनुंग ८, नर वाण यिंगची-होंगशिन. त्यांच्या रोपांतून निवडलेल्या एका रोपाचा प्रयोगातला क्रमांक होता २०२७. १९८१ मध्ये ते ‘तैवान चहा क्रमांक १२’ म्हणून अधिकृतपणे बाहेर आलं. वूंनी त्याला आपल्या आजीचं नाव दिलं, जिन शुआन. त्याच वेळी आलेल्या क्रमांक १३ ला आईचं, त्सुई यू. ज्या कुटुंबाकडे मी राहिलो ते मात्र अजून ‘सत्तावीस’ म्हणतात. जुने लोक प्रयोगातल्या नंबरनेच हाक मारतात.

ह्या रोपाचं शेतकऱ्याला मोल होतं ते वेगळ्या कारणाने. छिंगशिन नाजूक, कमी पिकणारा. जिन शुआन काटक, भरपूर पान देणारा आणि यंत्राने खुडायलाही सोयीचा. म्हणून तो डोंगरावरही लागला आणि नानतोउ जिल्ह्यातल्या मिंगजियानसारख्या सखल भागातही. तिथून पुढे थायलंडच्या उत्तरेला डोई मे सालोंगला, व्हिएतनाममध्येही गेला. मे सालोंगचा चहा अजून ‘नंबर १२’ म्हणूनच मिळतो.

त्यामुळे नुसतं ‘जिन शुआन’ लिहिलेलं बघून अलिशानसारखी अपेक्षा ठेवू नये. वाण तोच, पण उंची, ऋतू आणि हात वेगळे. वसंतातली आणि हिवाळ्यातली खुडणी चांगली धरतात. उन्हाळ्यातलं पान उन्हाने तुरट होतं.

रानजाई

चकोर, आजीच्या नावाचं वाचून अंगावर काटा आला. आता पाकिटावरच्या त्या दोन चिनी अक्षरांकडे वेगळ्या नजरेने बघते आहे.

पहिल्या प्रयत्नाचा वृत्तान्त. काटा आणला. ५ ग्रॅम, १२० मिलिलिटर, ९० अंश, ४५ सेकंद. भाजीच्या पाण्याची चव पूर्ण गेली! रंग फिकट सोनेरी, हिरवट झाक. फुलांचा वास स्पष्ट. पण दूध नाही. चार पाणी काढली, चारही वेळा कपात नाक घालून बसले, नाही म्हणजे नाही. थोडी हिरमुसले. तापलेल्या भांड्यातल्या कोरड्या पानांना मात्र काहीतरी होतं, भाजलेल्या दाण्यासारखं, पण मी ते ओढून-ताणून शोधतेय का असंही वाटलं.

अणुरेणू

रानजाई, अजून एक प्रश्न. सुगंधवाला चहा ज्या भांड्यात करत होतीस तेच भांडं आहे का हे? मातीचं असेल तर त्यात जुना वास मुरलेला असतो.

रानजाई

नाही नाही, तो किटलीत करायचे. हे चिनी मातीचं, नवीन आहे, आतून चकचकीत.

वाफाळता

मग भांडं ठीक आहे. तुम्ही कपात शोधताय, आणि पहिल्या पाकिटाची आठवण मनात धरून शोधताय. तो वास होता तेवढा मोठा असणार नाही, हे आधी मनाने सोडलं पाहिजे. मलाही हे जमायला बरेच महिने लागले. ज्या दिवशी दुसरंच काहीतरी करत होतो, चहा बाजूला निवत होता, त्या दिवशी मिळाला.

एक करून बघा. दोन-तीन दिवस दुसरा कुठलाही सुगंधी चहा पिऊ नका. जेवणानंतर लगेच करू नका. आणि दुसऱ्या-तिसऱ्या पाण्यानंतर सुरई रिकामी करून, पालथी न घालता, तशीच ठेवून द्या.

निळासावळा

आणि पाणी बदला. (पुन्हा तेच सांगतोय, पण बदला.)

बकुळ

आणि एक रात्र फ्रिजमध्ये!

शांतनू

पाकीट उघडल्यावर हा चहा किती टिकतो? मी पण मागवलाय.

बकुळ

हवा काढलेलं पाकीट न उघडता वर्षभर छान राहतं. उघडलं की महिना-दीड महिन्यात संपव. हवा, ऊन, दमटपणा आणि मसाल्याचा डबा, चौघांपासून लांब ठेव. हलक्या ऑक्सिडेशनचा चहा पहिल्यांदा आपली फुलं गमावतो, मग साय, मग नुसता जुना पाला उरतो. फ्रिजमध्ये ठेवायचा तर न उघडलेलाच ठेव. उघडलेलं पाकीट गारातून बाहेर आलं की पानांवर दव धरतं.

रानजाई

पाच दिवसांनी लिहिते आहे. दुधाचा वास सापडला. कुठे आणि कसा ते सविस्तर सांगते.

बकुळताई, सुरुवात तुमच्यापासून. १० ग्रॅम, लिटरभर पाणी, आठ तास. सकाळी पहिला घोट घेतला आणि वास राहिला बाजूला, जिभेलाच वेगळं वाटलं. पाणी असं जाड कसं? गिळल्यावर टाळूला काहीतरी गोड, मऊ चिकटून राहिलं. दूध म्हणाल तर दूध नव्हे. दूध पिऊन झाल्यावर तोंडात जे राहतं, ते.

मग काल संध्याकाळी परत गरम केला. निळासावळा यांचं ऐकून पाणी निम्मं-निम्मं केलं, आणि अर्धं का सोडा म्हणून उकळतंच ओतलं, पहिलं पाणी ३० सेकंद. दुसरं पाणी प्यायले, सुरई रिकामी करून ओट्यावर ठेवली. तेवढ्यात फोन आला. दहा मिनिटांनी परत आले, तिसरं पाणी ओतायला सुरई उचलली आणि सहज नाकाशी नेली.

तिथे होता. सुरईच्या तळाशी, अगदी बारीक. आमच्या घरी लहानपणी लोणी कढवायच्या आधी ते धुऊन गार पाण्यात ठेवत. त्या पातेल्यावर वाकलं की जो वास यायचा, तो. मी परत परत हुंगला. तिसऱ्यांदा हुंगला तेव्हा नव्हता, थोडं थांबून हुंगला तेव्हा पुन्हा होता. आईला बोलावून सुरई तिच्या हातात दिली, काही न सांगता. ती म्हणाली, “फुलं आहेत गं कसलीतरी. आणि... साखर?” तिला दूध सापडलं नाही, हेही प्रामाणिकपणे लिहिते.

नंतर पुढची सगळी पाणी हळूहळू, कोमट करून प्यायले. चौथ्यात, तोंड मिटून श्वास सोडला तेव्हा, अणुरेणू, तुमच्या मागच्या दाराने तो परत आला.

मैत्रिणीला फोन करून तिचे आभार मानले. पाकीट अजून निम्मं आहे.

अणुरेणू

वा! आईंचं ‘साखर’ पण चुकीचं नाही. त्याच थरातला गोड वास तो. ज्याच्या आठवणीत जे असतं त्या नावाने नाक हाक मारतं.

चकोर

लोणी धुतलेल्या पाण्याचा वास! मला त्या रात्री मूठभर पानांत जे सापडलं होतं त्याला शब्दच मिळत नव्हता. हाच.

निळासावळा

रानजाई, शेवटची एक चाचणी सुचवतो. तैवानात चहाच्या स्पर्धांमध्ये परीक्षक ३ ग्रॅम पान, १५० मिलिलिटर उकळतं पाणी आणि गोळीच्या चहाला सहा मिनिटं, असं सगळ्या नमुन्यांना सारखं करून चाखतात. इतक्या वेळात चहाचे दोष लपत नाहीत. सुगंधवाला थोडा मिळाला तर दोन्ही शेजारी शेजारी असे कर, निवू दे, आणि चमच्याने आलटून-पालटून चाख.

मधुरा_२७

रानजाई, माझ्याकडचा सुगंधवाला पाठवते तुला २० ग्रॅम. कर आणि लिही इथे. मला खरंच जाणून घ्यायचंय.

रानजाई

मधुरा, पाठव गं! नक्की करते.

शांतनू

माझं पाकीट आत्ताच आलं. वर ‘अलिशान जिन शुआन’ लिहिलंय मोठ्या अक्षरात. कापलं तर खोलीभर टॉफी. मागे अगदी बारीक अक्षरात घटक आहेत: ऊलाँग चहा, सुगंध. पाच ग्रॅम भिजत घातलाय.

वाफाळता

शांतनू, आता ओतू नका टाकून. तिसऱ्या पाण्यापर्यंत जा, प्रत्येक पाण्याचा वास लिहून ठेवा. आणि भिजलेलं एक पान उलगडून सांगा, रुंद आहे की निमुळतं.